दाणा चावून बघायचा नाही

सोजरबाईंनी ज्वारीचा एक दाणा पुढच्या दातांत धरला आणि चावला. कट्ट असा आवाज आला. ज्वारी खडखडीत वाळलेली आहे, दळायला द्यायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ. पन्नास वर्षं दर शनिवारी त्या हेच करत आल्या होत्या. त्यांच्या आईनं हेच केलं होतं आणि आईच्या आईनंही. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात वाढलेली बाई ज्वारी डोळ्यांनी बघते, मुठीत घेऊन बघते, पण विश्वास ठेवते तो दातावर.

फक्त या शनिवारी ते दात त्यांचे नव्हते.

म्हणजे मंगळवारपासून त्यांचेच होते म्हणा, पण अजून पक्के झाले नव्हते. पुढच्या वरच्या दोन दातांपैकी एक आठ वर्षांपूर्वी उसाच्या कांड्यात राहिला होता. दुसरा त्या शेजाऱ्याच्या आठवणीनं हलत हलत दोन वर्षांनी गेला. तेव्हापासून सोजरबाई दाणा दाढेखाली चावायच्या आणि हसू आलं की पदर तोंडाला लावायच्या. हसणं कमी झालं नव्हतं, फक्त पदराआड गेलं होतं.

नातीनं, आरोहीनं, एकदा विचारलं, "आजी, तू फोटोत कधीच कशी हसत नाहीस?"

तेव्हा त्यांनी तिला भिंतीवरचा लग्नाचा फोटो दाखवला. सन पंचाहत्तर. सोलापुरातून फोटोवाला मंगळवेढ्याला मागवला होता आणि तो म्हणाला होता, एकच फोटो निघेल, हलू नका. नेमकं त्या वेळी नवरदेवाचं, म्हणजे हिंदुरावांचं, बाशिंग घसरून नाकावर आलं. सोजरला हसू फुटलं. मागून सासूबाई म्हणाल्या, "तोंड मीट. नवरीनं दात दावायचे नसत्यात." तिनं तोंड मिटलं आणि फोटो निघाला. बटव्याची नाडी ओढावी तसं मिटलेलं ते तोंड पन्नास वर्षं भिंतीवर होतं. पुढं रेशनकार्ड आलं, मतदानाचं कार्ड आलं, आधार आलं. तोंड काही उघडलं नाही.

"ह्यांच्या शेजारी बसून, तोंड भरून हसल्याला एक फोटो पायजे हुता बग," त्या म्हणाल्या. "पण आता काय, दातच गेले."

आरोही पुण्याला नोकरी करते. ऐकून गप्प बसणारी पोरगी ती नव्हे. लग्नाला पन्नास वर्षं होतात त्या रविवारी सोलापुरातच नव्या पेठेतल्या स्टुडिओत फोटोची वेळ तिनं ठरवली आणि त्याच्या आधी आजीला दातांच्या डॉक्टर चंद्रिकाबाईंकडे नेऊन बसवलं.

सोजरबाई आयुष्यात पहिल्यांदा दातांच्या दवाखान्यात गेल्या. त्यांच्या लहानपणी मंगळवेढ्याच्या बाजारात दात काढणारा चटई टाकून बसायचा. समोर काढलेल्या दातांची रास मांडलेली असायची, हीच त्याची पाटी. त्याचा भाऊ शेजारी हलगी वाजवायचा, म्हणजे आतला आवाज बाहेर ऐकू येत नसे. इथं हलगी नव्हती. गार हवा होती आणि डॉक्टरीणबाई "आजी, दुखलं तर हात वर करा" असं म्हणत होत्या. त्यांनी रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात थोडे थोडे घासून बारीक केले आणि चार दातांची एकसंध ओळ त्यांच्यावर टोपीसारखी बसवली. मधले दोन नवे, कडेचे दोन जुन्यांच्या अंगावर.

"ह्याला ब्रिज म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हंजे पूल," हिंदुराव म्हणाले. ते एस.टी.त कंडक्टर होते आणि जगातल्या सगळ्या गोष्टींना त्यांच्याकडे रूटवरचा दाखला असे. "आमच्या रूटवर एका ओढ्याला असाच पूल बांधला हुता. पहिल्याच पावसात गेला."

"हा जाणार नाही, आजोबा. पण आठवडाभर कच्च्या सिमेंटवर बसवते. कुठं टोचतं, लागतं का बघू. पुढच्या सोमवारी पक्कं करू. तोवर आजी, कडक काही खायचं नाही. कडक भाकरी बंद, शेंगा बंद."

सोलापुरात राहून कडक भाकरी आणि शेंगा बंद म्हणजे विहिरीत राहून पाणी बंद. पण सोजरबाईंनी शब्द पाळला. चार दिवस दुधात भाकरी कुस्करून खाल्ली. डॉक्टरांनी भाकरीचं नाव घेतलं होतं, शेंगांचं घेतलं होतं. दाण्याचं कुठं घेतलं होतं? आणि दाणा त्या खात थोड्याच होत्या! त्या बघत होत्या.

तर कट्ट आवाज आला. बाईंचं समाधान झालं. सुपातला उरलासुरला कोंडा उडवायला त्यांनी सवयीनं जोरात फुंकर मारली. तोंडातून काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, पण अर्धा दाणा असेल म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. सूप डब्यात रिकामं केलं, झाकण दाबलं, आणि हिंदुराव डबा सायकलला लावून निंगप्पाच्या गिरणीकडे निघाले.

सोजरबाई चहाचा कप घेऊन उंबऱ्याशी बसल्या. पहिला घोट घेतला आणि टाळूपासून टाचेपर्यंत झिणझिणी आली. जीभ वर गेली. चार दातांच्या जागी दोन बारीक खुंट्या होत्या आणि मधे मोकळं मैदान.

त्यांनी अंगण बघितलं. कोंडा बघितला. सूप उलटं करून थोपटलं. मग हिंदुरावांना फोन लावला. तो त्यांच्याच मागं, खिडकीत वाजला.

आता तोंडानं श्वास घेतला तरी घासलेल्या दातांना वारा झोंबत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. सोजरबाईंनी पदर तोंडावर घट्ट दाबला, पायात चपला सरकवल्या आणि जवळजवळ पळतच निघाल्या.

आता आपल्याकडं पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी घेऊन, भर दुपारी वाट चालणाऱ्या बाईला बघून काय समजायचं ते शिकवावं लागत नाही. ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या दाक्षायणीनं बघितलं आणि तिच्या मांडीवरचं सूप खाली गेलं.

दाक्षायणी म्हणजे चौथ्या घरातली शेजारीण, मूळची मैंदर्गीची. वयानं सोजरबाईंच्या बरोबरीची. आपले बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत, हे ती गल्लीला दिवसातून एकदा तरी सांगायची. सोजरबाई दवाखान्यात जाऊन आल्या त्या संध्याकाळी तर तिनं मुद्दाम ओट्यावर बसून कडक भाकरी खाल्ली होती. कुर्रम कुर्रम आवाज तीन घरं ऐकू येत होता.

"सोजराक्का, काय झालं गं?" तिनं हाक मारली. "भावजी बरं हायत न्हवं?"

तोंड उघडणं शक्य नव्हतं, आणि दाक्षायणीसमोर तर मुळीच नाही. सोजरबाईंनी नुसती मान हलवली. 'तसलं काही नाही' असं त्यांना म्हणायचं होतं. दाक्षायणीनं 'बरे नाहीत' असं घेतलं.

"अगं बया! कुटं हायत?"

सोजरबाईंनी गिरणीकडे हात केला आणि चालू लागल्या.

"गिरणीच्या पट्ट्यात धोतर गेलं वाटतं!" दाक्षायणीनं छातीवर हात मारला. हिंदुरावांनी निवृत्त झाल्यापासून पायजमा सोडून दुसरं काही घातलं नव्हतं, पण अशा वेळी असलं कुणाला आठवतं? तिनं शेजारच्या अण्णाराव गुरुजींना हाक मारली. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते, गल्लीच्या सुखदुःखातून नव्हे. त्यांनी आधी सदरा घातला, मग चष्मा लावला, मग सोजरबाईंच्या मुलाला, अभिमन्यूला, ऑफिसात फोन केला. "घाबरू नकोस," ते म्हणाले, "पण असशील तसा ये." एवढं घाबरवणारं वाक्य मराठीत दुसरं नाही. अभिमन्यूनं जागच्या जागी मोटारसायकल काढली.

गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत सोजरबाईंच्या मागं आठ-दहा माणसं झाली होती. कुणी तांब्या घेतला होता, कुणी हुंगवायला कांदा. एकीनं चादर आणली होती, ती कशासाठी हे कुणीच विचारलं नाही. सोजरबाईंनी एकदा मागं वळून बघितलं आणि त्यांना वाटलं, दुपारच्या वेळी आज ही सगळी कुठं निघाली असतील? त्या आणखी जोरात चालू लागल्या. मागची माणसंही जोरात चालू लागली.

निंगप्पाच्या गिरणीत आधीचा डबा संपत आला होता. निंगप्पानं सोजरबाईंच्या डब्याचं झाकण काढून डबा खांद्याला लावला होता. एवढ्यात दारात ही गर्दी दिसली. सर्वांत पुढं पदर तोंडाला लावलेल्या सोजरबाई.

"अय्यय्यो!" म्हणत निंगप्पानं डबा खाली ठेवला आणि बटण बंद केलं. पट्टा फटक फटक करत थांबला. एवढी वर्षं दुपारच्या वेळी त्या गिरणीत असली शांतता कुणी ऐकली नव्हती.

कोपऱ्यातल्या स्टुलावर हिंदुराव पेपर वाचत बसले होते. डोक्यावर पीठ, भुवयांवर पीठ, मिशीवर पीठ. त्यांनी मान वर केली, बायकोला बघितलं, तिच्या मागं गल्ली बघितली आणि ते चटकन उभे राहिले.

"कोण गेलं?"

गुरुजी चष्मा पुसू लागले.

"अरे सांगा की! कोण गेलं?"

"तुमीच की," दाक्षायणीच्या तोंडून निसटलं.

हिंदुरावांनी स्वतःकडे बघितलं. पिठानं पांढरे झालेले हात बघितले. क्षणभर त्यांनाही खात्री वाटेना. मग ते खाली बसले आणि कांदा आणलेल्या बाईनं पुढं होऊन तो त्यांच्या नाकाला लावला.

सोजरबाईंनी तोवर डबा गाठला होता. त्यांनी त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि पदराआडून, जमेल तेवढ्या स्पष्ट, म्हणाल्या, "दळू नका. मोती पडलाय ह्यात."

मोती हा शब्द त्यांना ऐनवेळी सुचला. पांढरा होता, लहान होता, आणि महाग तर होताच.

"मोती?" हिंदुरावांनी कांदा बाजूला सारला. "आपल्या घरात मोती कधीपास्नं?"

"आईनं दिल्याला."

"सासूबाईंनी? मोती? मला पन्नास वर्सांत कळलं न्हाय!"

"सांगायचं न्हवतं."

हे ऐकून बायकांनी एकमेकींकडे बघितलं. हिंदुराव जिवंत असल्याची बातमी त्या क्षणी मागं पडली. निंगप्पानं धुतलेलं पोतं अंथरलं, त्यावर ज्वारी ओतली आणि सगळी गल्ली गोल करून बसली. मालदांडी ज्वारी. पांढरीशुभ्र, टपोरी, चमकदार. एकेक दाणा मोत्यासारखा, असं तिचं कौतुक करतात. त्या दिवशी ते कौतुक सगळ्यांच्या जिवावर आलं.

"हा बगा सापडला!"

"तो दाणा हाय."

"आणि हा?"

"खडा."

"मोती गोल होता की लांबट?" गुरुजींनी विचारलं. सोजरबाईंनी जरा विचार केला आणि बोटांनी वाटाण्याच्या शेंगेएवढी लांबी दाखवली. गुरुजींचे डोळे विस्फारले. एवढा मोती राजघराण्यात असतो, असं त्यांचं मत पडलं. हिंदुराव बायकोकडे असे बघत राहिले जणू पन्नास वर्षं ती फुकटच्या पासवर प्रवास करत होती आणि त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

आणि इतक्यात ज्वारीत कोपरापर्यंत गेलेला दाक्षायणीचा हात थांबला. तिनं मूठ वर काढली, हातातल्या वस्तूकडे एक नजर टाकली आणि मूठ मिटली.

सोजरबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सापडला तो सापडला, आणि सापडला कुणाला? बत्तीस दातवालीला! आता ती मूठ उघडेल, वर धरेल, आणि उद्या मैंदर्गीपर्यंत गोष्ट जाईल.

"सापडला," दाक्षायणी म्हणाली. "उठा सगळी. घरला चला."

"बघू की, दाखवा तरी," गुरुजी म्हणाले.

"बायकांची वस्तू हाय, गुरुजी."

एवढं म्हटल्यावर सगळे पुरुष झटकन उठले आणि गिरणीच्या छपराकडे बघू लागले.

परतीच्या वाटेवर दाक्षायणीनं सोजरबाईंना मुद्दाम मागं ठेवलं. लिंबाच्या झाडाशी आल्यावर तिनं मूठ उघडली. तळहातावर चार दात, एकही न तुटता, हसत होते.

"कच्च्या सिमेंटवर हुता न्हवं?" तिनं हळूच विचारलं.

सोजरबाईंनी पदर तोंडावरून खाली घेतला. "तुला काय ठावं, कच्चं सिमेंट?"

दाक्षायणीनं इकडं तिकडं बघितलं. "मला नगं सांगूस. माजे डाव्या बाजूचे तीन असलेच हायत. मागल्या दिवाळीला बसवलं. असाच दाणा चावून बगितला, असंच फुंकलं."

"मग? सापडला?"

"कुटला सापडतोय! निंगप्पानं दळून दिला की. दुसरा करून घ्यावा लागला." तिनं आवाज आणखी खाली आणला. "पण खरं सांगू अक्का, त्या पिठाची भाकरी लई खुसखुशीत झाल्ती. आमच्या घरच्यांनी मागून मागून खाल्ली."

सोजरबाई हसल्या. पदर नव्हता, दात नव्हते, समोर दाक्षायणी होती. पण त्या पोट धरून हसल्या, आणि दाक्षायणीही बत्तीस दात दाखवून हसली, ज्यातले एकोणतीसच तिचे होते.

घरी अभिमन्यू येऊन बसला होता. वडील जिवंत आहेत हे बघून आधी त्याला रडू आलं आणि मग राग आला. वाटेवर असताना त्यानं आरोहीला फोन केला होता, त्यामुळं संध्याकाळी निघणारी आरोही दिवेलागणीलाच पुण्याहून येऊन धडकली. तिच्यापुढं मोती टिकला नाही. तिनं आजीचं तोंड बघितलं, डबीतला ब्रिज बघितला आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर चंद्रिकाबाई लग्नाला परगावी गेलेल्या. "घरी काही चिकटवू नका," त्या म्हणाल्या. "डबीत ठेवा. सोमवारी सकाळी या, पक्कं बसवू. आणि आजी, काय खाल्लं होतं?"

"कायबी न्हाय," सोजरबाई म्हणाल्या. हे खरं होतं.

"म्हंजे," हिंदुराव बराच वेळ विचार करून म्हणाले, "सासूबाईंचा मोती न्हाईच?" त्यांचा चेहरा जरा उतरला होता.

राहिला फोटो. आरोही म्हणाली, पुढं ढकलू. सोजरबाई म्हणाल्या, नको. पन्नास वर्षं उद्या होतात, आठ दिवसांनी नव्हे. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. रात्री झोपायला जाताना त्या लग्नाच्या फोटोखालून जरा घाईनंच गेल्या.

रविवारी नव्या पेठेतल्या स्टुडिओत त्या मोरपंखी इरकल नेसून बसल्या. तोंड बटव्यासारखं मिटलेलं. फोटोवाला ऋतुराज नावाचा तरुण होता, हौशी होता. त्यानं हिंदुरावांना शेजारी बसवलं. "आजोबा, आजींचा हात हातात घ्या. आरोही, तू मागून वाक आणि आजींचा हा हात धर. असं. छान. आता आजी, जरा हसा की."

सोजरबाईंनी ओठ न उघडता गाल ताणले.

"तसं नाही आजी. मनापासून."

"असंच हसत्यात त्या," हिंदुराव म्हणाले. "मला सवय हाय." मग त्यांनी मान जरा कलती केली आणि समोर बघतच, ओठ न हलवता, बायकोला म्हणाले, "काल मेल्याला माणूस आज शेजारी नटून बसलाय. त्याच्या नाकाला अजून कांद्याचा वास हाय. आता तरी हस की गं."

सोजरबाईंच्या पोटातून जे उसळलं ते थांबवायला पदर हवा होता. पण एक हात नवऱ्याच्या हातात होता आणि दुसरा नातीच्या. तोंड उघडलं ते उघडलंच. ऋतुराजनं बटण दाबलं.

चार दिवसांनी फोटो आला. आधी ऋतुराजनं संगणकावर आजींना छान सगळे दात बसवून पाठवला होता. सोजरबाईंनी तो लांब धरून बघितला. "ही कोण बया?" त्या म्हणाल्या. मग आरोहीनं मूळचा मागवला. त्यात एक म्हातारी डोळे मिटून, मान मागं टाकून हसते आहे. तोंडात पुढं भली मोठी खिंड. नात कॅमेऱ्याकडे बघते आहे. आणि म्हातारा कॅमेऱ्याकडे बघतच नाही, तो म्हातारीकडे बघतोय. लग्नात बाशिंगामुळं जे बघायचं राहून गेलं होतं ते आता सावकाश बघावं, तसा.

तो फोटो लग्नाच्या फोटोच्या शेजारी लागला. दाक्षायणी बघायला आली, बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "माजा बी काढायला पायजे हुता, नवा बसायच्या आदी."

ब्रिज सोमवारीच पक्का बसला होता. "आता काहीही खा," डॉक्टर म्हणाल्या होत्या. मग आरोहीनं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, तेव्हा त्यांनी बोट वर करून पुन्हा बजावलं, "पण दाणा चावून बघायचा नाही. कधीच नाही."

शनिवार आला. सुपात ज्वारी होती. सोजरबाईंनी दाणा उचलला, तोंडाशी नेला आणि थांबल्या. मंगळवेढ्याची बाई न चावता ज्वारी गिरणीत पाठवणार कशी? त्या हातात दाणा धरून बसून राहिल्या.

"आण हिकडं," हिंदुराव म्हणाले. "पन्नास वर्सं तू चावलास. आता हितनं फुडं मी चावतो. माजे दात अस्सल हायत, कंडक्टरचे."

त्यांनी दाणा दाढेखाली धरला आणि चावला. कट्ट असा आवाज आला. जरा मोठाच आला.

हिंदुरावांनी दोरीवरचा टॉवेल ओढला, तोंडाला घट्ट लावला आणि डोळ्यांत पाणी घेऊन दवाखान्याच्या दिशेनं निघाले.

चौथ्या घराच्या ओट्यावर दाक्षायणी शेंगा फोडत बसली होती. तिनं बघितलं आणि तिच्या मांडीवरचं सूप खाली गेलं.

"भावजी! सोजराक्का बरी हाय न्हवं?"

हिंदुरावांनी नुसती मान हलवली.

दाक्षायणी चपला शोधू लागली.